ठिपक्याचं वजन

भाद्रपद उतरणीला लागला की मिरजेत
गणेश तळ्यावर चतुर येतात.
तिथून काही वाट चुकून
दस्तगीरमामांच्या दुकानात शिरतात,
तुणीच्या भुशावर, उन्हाच्या पट्ट्यात तरंगतात,
काही विकत घ्यायचं नसलेल्या गिऱ्हाइकासारखे.

मी विश्रामबागेतून तंबोरा आणला होता,
बसमध्ये मांडीवर आडवा.
कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट मागितलं,
मग स्वतःच हसला.

खर्ज बोलत नव्हता.
तार वाजायची, पण छेडली की संपायची,
मागं काही उरायचं नाही.

मामांनी घोडीवर बोट फिरवलं,
कान लावला, ‘हूं’ म्हणाले,
आणि घोडीखालच्या धुळीतून चिमट्यानं
अलगद काहीतरी उचललं.
पंख.
“चतुराचाय. मागच्या जोडीतला.
बुडाशी रुंद आसतोय बघा.”

जवारी तपासायचं भिंग माझ्या हातात दिलं.

सपाट नव्हताच तो.
नव्या लुगड्याच्या निऱ्यांसारखा
उंच, सखल, उंच, सखल.
म्हणूनच मोडत नसावा वाऱ्यात.
पुढच्या कडेला चौकोनी कप्पे,
मागं जाता जाता पाच कोनांचे, सहा कोनांचे,
शेवटी तर कोनांची मोजदादच नाही,
मापं संपल्यावर कारागिरानं
हातावर सोडून दिल्यासारखे.
उन्हात तिरका धरला तर हिरवा,
जरा वळवला तर जांभळा,
सरळ धरला तर काहीच नाही,
नुसता पलीकडचा मामांचा अंगठा
आणि त्यावरचे कानशीचे जुने वण.

“आन् ह्ये?”
चिमट्याचं टोक पंखाच्या टोकाशी थांबलं,
पुढच्या कडेवर, एका तपकिरी ठिपक्याशी.
खसखशीच्या दाण्याहूनही हलका.
“ह्ये कशाला आसंल?”

नक्षी असेल, मी म्हटलं.

त्यांनी कानस खाली ठेवली.
दहा वर्षांचे होते तेव्हा. तळ्याच्या कडेला.
चतुराच्या शेपटीला दोरा तर सगळीच पोरं बांधायची,
दुसऱ्या टोकाला चिंचोका,
कुणाचा किती उचलतोय त्याच्या पैजा.
ह्यांचा उचलेना.
मग अब्बांच्या दाढीच्या पात्यानं
ह्यांनी चारी पंखांवरचे चारी ठिपके काढले,
बाकी पंखाला धक्का न लावता.
“हात तेवा बी साफ हुता माझा.
वाटलं, हलका हुईल. जास्ती उडंल.”

उडाला.
पण जरा वेग धरला की पंख थडथडायचे,
खुंटी सैल झालेल्या तारेसारखे.
भिंतीवर बसायचा.
पुन्हा उडायचा. पुन्हा तेच.
“दोरा सोडला मी. तरी बी तेच.”

बाहेर कुणीतरी रिक्षा चालू करत होतं,
होत नव्हती.

मग मामांनी रिळाचा सुती दोरा तोडला,
दोन बोटं लांब.
खर्जाच्या तारेखाली, घोडीवर सरकवला,
केसभर पुढं, केसभर मागं,
पुन्हा अर्धा केस पुढं.
मी त्या दोऱ्याकडं बघत होते.
त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

आणि खर्ज उघडला.
एक तार, पण आत माणसं बसलेली,
एकामागून एक उठून बोलायला लागलेली.
खुंटीवर बसलेला चतुर उडाला,
जागीच थांबला हवेत,
पुढचे पंख वर तेव्हा मागचे खाली.

“दोनशे द्या.”
पंख त्यांनी तपकिरीच्या डबीत टाकला.
झाकण लागण्याआधी दिसलं,
आत आणखी होते, वीस-पंचवीस,
गळून पडलेले, तुटलेले, काही अर्धे.
ठिपका मात्र प्रत्येकाला होता.

परतीच्या बसमध्ये शेजारच्या बाईनं
भोपळ्यावर टकटक केलं.
आत काय असतंय ओ?
काही नाही, म्हटलं, पोकळ असतो.
इंजिन गुरगुरलं
तशा गवसणीतल्या चारी तारा
आपल्याआपण हलक्या थरथरल्या.
मी त्यांच्यावर हात ठेवला नाही.